हरितगृह परिणाम

हरितगृह परिणाम : उन्हाने तापलेली जमीन आणि समुद्र आपली उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांच्या रूपाने आकाशाकडे सोडत असतात. हवेतील काही वायू या किरणांपैकी बराच मोठा वाटा शोषतात आणि त्यातला काही पुन्हा खाली पाठवतात. त्यामुळे पृथ्वीचा पृष्ठभाग एरवी राहिला असता त्यापेक्षा उबदार राहतो. यालाच हरितगृह परिणाम म्हणतात. पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे १५° से. आहे, हे वायू नसते, तर ते ढोबळमानाने उणे १८° से. असते. ही ३३ अंशांची ऊब मुळात वाईट नाही. ती नसती तर ज्वारीचे कणीस काय, गवताची काडीही उगवली नसती. जागतिक तापमानवाढीचा प्रश्न उभा राहतो तो या उबेत माणसाने गेल्या दोनेक शतकांत घातलेल्या भरीमुळे.

नाव आणि त्याचा घोटाळा : नाव फसवे आहे. जरबेरा किंवा ढोबळी मिरचीसाठी उभारलेली पॉलिहाउसे आता मराठवाड्यातही ठिकठिकाणी दिसतात. पॉलिहाउस दुपारी तापते ते मुख्यतः आतली गरम हवा बाहेर पडू शकत नाही म्हणून. ऊन चढले की बाजूचे पडदे गुंडाळतात, वारा खेळतो आणि आतला उकाडा उतरतो. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९०९ मध्ये दोन खोकी उन्हात ठेवून हेच तपासले. एका खोक्यावर काच होती, दुसऱ्यावर अवरक्त किरण आरपार जाऊ देणाऱ्या सैंधव मिठाचा पत्रा. दोन्ही जवळजवळ सारखीच तापली. साधा पॉलिथीनचा कागदही अवरक्त किरण बऱ्यापैकी बाहेर सोडतो. म्हणून निरभ्र रात्री पहाटेकडे अशा कागदाखालची हवा बाहेरच्याइतकीच गार होऊ शकते. वातावरणाला ना छत, ना पडदे. तिथे गरम हवा खुशाल वर जाते. अडवणूक होते ती किरणांची. तरीही नाव रूढ झाले आहे आणि आता ते बदलणार नाही.

दुसरा घोटाळा ओझोनचा. ओझोन थराला पडलेल्या छिद्रातून ऊन आत येते आणि पृथ्वी तापते, असे शाळेच्या निबंधांत हमखास वाचायला मिळते. ते चूक आहे. दोन्ही प्रश्नांत सीएफसी (क्लोरोफ्लुरोकार्बन) या मानवनिर्मित वायूंचा हात आहे, एवढाच काय तो संबंध.

हिवाळ्याच्या रात्री : हा परिणाम अनुभवायला पॉलिहाउसपेक्षा परभणीकडची पौषातली रात्र अधिक कामाची. समुद्र दूर, हवा कोरडी, आभाळ स्वच्छ. दिवसभर तापलेली काळी जमीन सूर्य मावळताच उष्णता सोडू लागते आणि वाटेत तिला अडवणारे बाष्प कमी असल्याने पहाटेपर्यंत पारा भराभर उतरतो. हिवाळ्यात राज्यातल्या नीचांकी तापमानाच्या बातमीत परभणीचे नाव वारंवार येते, त्यामागे हेही एक कारण आहे. मग एखाद्या रात्री ढग येतात आणि सकाळी सगळे म्हणतात, ‘आभाळ आलं, थंडी गेली.’ ढग काही विस्तव नव्हे. जमिनीकडून येणारे अवरक्त किरण तो शोषतो आणि स्वतःचे किरण खाली सोडतो. जमिनीच्या खात्यातून जाते तेवढेच, पण जमा वाढते. आपली वाकळ तरी कुठे उष्णता तयार करते? अंगाची ऊब ती फक्त लवकर जाऊ देत नाही.

आणखी जवळून पाहायचे तर उघड्यावर उभा ट्रॅक्टर पाहावा. पहाटे त्याच्या बॉनेटवर दव साचलेले असते. दहा पावलांवर लिंबाखाली लावलेली मोटारसायकल कोरडी असते. उघड्या पत्र्याला वर फक्त थंड आकाश ‘दिसते’, झाडाखालच्या टाकीला पाने दिसतात, आणि पाने आकाशापेक्षा उबदार असतात. कोरोनाच्या काळात कपाळावर धरत ते तापमापक याच अवरक्त किरणांवर चालत.

वायू आणि त्यांचे काम : हवेत ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन आहे. दोघांच्याही रेणूत एकाच जातीचे दोन अणू असल्याने अवरक्त किरण त्यांना जवळपास जाणवतच नाहीत. कार्बन डायऑक्साइडचा रेणू तीन अणूंचा. तो वाकतो, ताणला जातो आणि १५ मायक्रोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीचे किरण नेमके टिपतो. पृथ्वीची बरीचशी उष्णता याच टापूतून बाहेर पडत असल्याने ०.०४ टक्का एवढ्या मात्रेचाही मोठा परिणाम होतो. उपग्रहांनी वरून घेतलेल्या नोंदींत या तरंगलांबीपाशी खोल खळगा, म्हणजे बाहेर पडणाऱ्या किरणांतली घट, स्पष्ट दिसतो.

सर्वांत मोठा वाटा मात्र बाष्पाचा आहे. पण बाष्प स्वतःहून वाढत नाही. हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्के वाढते. म्हणजे आधी कार्बन डायऑक्साइड हवा तापवतो, मग बाष्प त्या तापण्यात भर घालते. मिथेन वजनास वजन धरल्यास शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २८ पट तापवतो, पण साधारण बारा वर्षांत विरतो. भातखाचरे, कचऱ्याचे ढीग, नैसर्गिक वायूची गळती आणि रवंथ करणारी जनावरे ही त्याची उगमस्थाने. देवणी आणि लाल कंधारी गाईही त्याला अपवाद नाहीत. नायट्रस ऑक्साइड येतो तो बराचसा शेतात टाकलेल्या युरियासारख्या नत्रखतांतून.

उत्सर्जनाची उंची : विसाव्या शतकाच्या आरंभी एक आक्षेप घेतला गेला. हवेतला कार्बन डायऑक्साइड आपल्या तरंगलांबीचे बहुतेक सगळे किरण आधीच शोषतो; मग आणखी वायू घातला तर काय फरक पडणार? आक्षेप बिनतोड वाटतो, आणि याचे उत्तर बहुतेक लेखांत दिलेच जात नाही. किरण एकदा शोषले की प्रकरण संपत नाही. हवेचा प्रत्येक थर शोषतो आणि स्वतःही किरण सोडतो. अखेर अंतराळात निसटतात ते किरण जिच्यावर पुरेसा वायू उरलेला नाही अशा उंचीवरून, सरासरीने सुमारे पाच किलोमीटरवरून, सुटलेले असतात. वायू वाढला की ही उंची वर सरकते. दर किलोमीटरला हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंड होत जाते, आणि थंड थर कमी उष्णता बाहेर टाकतो. इकडे सूर्याकडून दर चौरस मीटरमागे सरासरी २४० वॅट आत येतच राहतात. जमा तेवढीच, खर्च कमी. मग जमा-खर्च पुन्हा जुळेपर्यंत खालपासून वरपर्यंत सगळे तापते. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास सुरुवातीला सुमारे ३.७ वॅटची तूट पडते, आणि सर्व परिणाम धरून अखेरीस २.५ ते ४ अंशांची वाढ होण्याचा संभव हवामानबदलावरील आंतरशासकीय समितीने (आयपीसीसी) २०२१ च्या अहवालात धरला आहे.

शोधाचा इतिहास : १८२४ मध्ये फ्रेंच गणिती जोसेफ फूरिये यांनी वातावरण उष्णता राखते ही कल्पना मांडली. १८५६ मध्ये अमेरिकेच्या युनिस फूट यांनी काचेच्या नळ्यांत वायू भरून त्या उन्हात ठेवल्या आणि कार्बन डायऑक्साइडची नळी सर्वाधिक तापल्याचे दाखवले. त्यांचे नाव नंतर दीडशे वर्षे कोणाला आठवले नाही. जॉन टिंडल यांनी १८५९ पासून अवरक्त किरणांवर नेमकी मोजमापे केली. स्वीडनचे स्वांते अर्‍हेनियस यांनी १८९६ मध्ये वायू वाढल्यास तापमान किती वाढेल याचा हिशेब हाताने केला. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाई बेटावरील मौना लोआ येथे रोजच्या नोंदी सुरू केल्या तेव्हा दर दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ रेणू होते. औद्योगिक क्रांतीपूर्वी ते २८० होते. आता ४२० च्या पुढे गेले आहेत.

माणसाचा वाटा : उसाचे पाचट जाळले की धूर होतो, कार्बन डायऑक्साइडही निघतो, पण तो कार्बन उसाने त्याच वर्षी हवेतून घेतलेला असतो. परळीच्या औष्णिक केंद्रात जळणाऱ्या दगडी कोळशाचे तसे नाही. भारतातला बहुतेक कोळसा २५ कोटी वर्षांहून जुना आहे. तो जाळणे म्हणजे केव्हाच गाडला गेलेला कार्बन उकरून हवेत सोडणे. डिझेलचेही तेच. एक लिटर डिझेलचे वजन किलोपेक्षा कमी, पण त्यातून सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, कारण जळताना हवेतला ऑक्सिजन त्याला येऊन मिळतो. हवेत वाढलेला कार्बन अशा जुन्या इंधनांतलाच आहे, हे त्याच्या समस्थानिकांच्या, म्हणजे कार्बनच्याच कमी-अधिक वजनाच्या अणूंच्या, प्रमाणावरून ओळखता येते. आणखी एक खूण अशी, की हवेचा खालचा थर तापत असताना वरचा स्थितांबर थंड होत आहे. सूर्यच प्रखर झाला असता, तर दोन्ही तापले असते.

मराठवाड्यातील चित्र : येथे जे जे बिघडते ते सगळे तापमानवाढीच्या माथी मारण्याची आता सवय झाली आहे, ती सोयीची आहे, खरी नाही. मराठवाडा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे, १९७२ चा दुष्काळ अजून म्हाताऱ्यांच्या बोलण्यात येतो, आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले त्यात अपुऱ्या पावसाइतकाच उसाचा आणि बेसुमार बोअरचाही भाग होता. २०१५ मध्ये परळीचे वीजकेंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते.

तापमानवाढ येथे काम करते ती आधीच्या दुखण्यावर. १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. जगाच्या सरासरीपेक्षा ही वाढ कमी आहे, कारण हवेतली धूळ आणि धूर काही ऊन परतवतात. तापलेली हवा जमिनीतली ओल लवकर ओढते आणि पाऊस देते तेव्हा एकदम देते. मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ दरम्यान सुमारे तिपटीने वाढल्याचे संशोधकांना आढळले. पावसाच्या दोन सरींमधले कोरडे दिवस आणि त्यानंतरचा ढगफुटीसारखा मारा, यांत सोयाबीन सापडते. सप्टेंबर २०२५ च्या पुरात धाराशिव आणि बीडमध्ये पिकांबरोबर शेतातली मातीही वाहून गेली.

रात्रींचा बदल कमी बोलला जातो. जगभर जमिनीवर विसाव्या शतकाच्या मध्यापासून रात्रीचे किमान तापमान दिवसाच्या कमाल तापमानापेक्षा अधिक वेगाने वाढले आहे. उबदार रात्री गहू आणि हरभरा दिवसा कमावलेले अन्न श्वसनात खर्च करतात, लवकर पिकतात आणि दाणा बारीक राहतो. मार्च २०२२ हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशाचा सर्वांत उष्ण मार्च होता. उत्तरेत गहू चिमला आणि मे महिन्यात केंद्राने गव्हाची निर्यात थांबवली. मराठवाड्यातला हरभरा तोवर बहुधा खळ्यावर आलेला असतो. त्याला जपायचे ते पौष-माघात, कारण आभाळ भरून थंडी हटली की घाटेअळी वाढते आणि एक फवारणी जास्तीची करावी लागते.