गायीच्या क्लोन गर्भाचं यश कशावर ठरतं

गायीचं क्लोनिंग म्हणजे एका गायीच्या कातडीतली वगैरे साधी पेशी घ्यायची, दुसऱ्या गायीच्या स्त्रीबीजातलं केंद्रक काढून त्यात ती बसवायची, विजेच्या हलक्या झटक्याने दोन्ही जोडायचं, केमिकल देऊन बीज जागं करायचं आणि सात-आठ दिवस इनक्युबेटरमधे वाढवून तिसऱ्या गायीच्या गर्भाशयात सोडायचं. कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत १६ मार्च २०२३ ला जन्मलेली ३२ किलोची गंगा नावाची कालवड अशीच, पेशी गीर गायीची, बीज साहिवालचं आणि पोटात वाढवलं संकरित गायीनं.

सुरुवात बीजापासूनच होते. ते २०-२४ तास नीट पिकवलेलं हवं, कच्चं किंवा शिळं झालं की पुढची सगळी मेहनत वाया. पेशीपण विभाजन थांबवून शांत बसलेली लागते, म्हणून बऱ्याच लॅबमधे तिचं सीरम (पेशींना पोसणारा रक्तातला द्रव) कमी करून तिला उपाशी ठेवतात.

पण खरी अडचण वेगळीच आहे. कातडीच्या पेशीला आपण कातडी आहोत हे पक्कं ठाऊक असतं, तिचे बाकीचे जीन्स कुलूपबंद, आणि बीजाला काही दिवसांतच ती ओळख पुसून सगळं शून्यापासून सुरू करायचं असतं. हे बहुतेक वेळा अर्धवटच होतं. गर्भ मायक्रोस्कोपखाली अगदी छान दिसतो, आणि गाय गाभण राहून दोन-तीन महिन्यांत गाभडते, कारण वार (प्लॅसेंटा, गर्भाला आईकडून पोषण देणारा भाग) नीट धरलेली नसते. पुढे टिकलं तरी कधी गर्भाशयात पाणी भरतं, कधी वासरू इतकं मोठं होतं की सिझेरियन करावं लागतं, आणि हे सगळं सोसते ती पोटात वाढवणारी गाय, तिचा विचार आकडेवारीत फार कमी होतो असं मला वाटतं. तिचा माज (गाभण राहण्याचा काळ) गर्भाच्या वयाशी जुळला नाही तर गर्भ रुजतच नाही, ते वेगळंच.

जपानच्या किंकी विद्यापीठाच्या टीमने १९९८ मधे एकाच गायीच्या पेशींपासून बनवलेले १० गर्भ सोडले, ८ वासरं जन्मली, त्यातली ४ जन्माच्या आसपासच गेली. इतकं यश सहसा मिळत नाही, सोडलेल्या शंभरातून दहाच्या आसपास किंवा त्याहून कमीच वासरं हाती लागतात.

जन्मानंतरचे पहिले दिवससुद्धा तितकेच नाजूक. कर्नालमधेच फेब्रुवारी २००९ ला झालेलं म्हशीचं क्लोन रेडकू काही दिवसांत न्यूमोनियाने गेलं, जूनमधे गरिमा नावाचं दुसरं क्लोन रेडकू झालं, ते दोन वर्षांवर जगलं.