तुमच्या मुलांना आम्ही पळवत का नाही?
फुटबॉल खेळणाऱ्या मुला-मुलींच्या पालकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे मूल यायला लागलं की पहिल्याच आठवड्यात एक तक्रार हमखास येते. पालक कुंपणापाशी उभे राहून अर्धा तास बघतात आणि मग जवळ येऊन हळूच विचारतात, "सर, तुम्ही पोरांना पळवत नाही का? मैदानाला दहा राउंड तरी मारायला लावा. स्टॅमिना कसा वाढणार?" दर वेळी कुंपणापाशीच उत्तर देत बसण्यापेक्षा एकदा नीट लिहून द्यावं असं ठरलं, म्हणून हे पत्रक.

आधी आमच्याबद्दल थोडं. आम्ही फुटबॉल शिकवत नाही. पासिंग, ड्रिब्लिंग, कोणी कुठे उभं राहायचं, हे तुमच्या शाळेच्या किंवा अकादमीच्या कोचचं काम आणि त्यात आम्ही लुडबुड करत नाही. त्या खेळासाठी शरीर तयार करून देणं एवढंच आमच्याकडे. दोन ट्रेनर आणि एक फिजिओथेरपिस्ट ताई, हा सगळा पसारा. ८ ते १७ वयाच्या तीन बॅचेस, आठवड्यातून दोन दिवस, मुलं-मुली एकत्र.

राउंड का नाहीत

मोठ्यांच्या सामन्यात खेळाडू ९० मिनिटांत साधारण १० ते १२ किलोमीटर अंतर कापतो, हे खरं. पण सलग नाही. तो चालतो, जरा धावतो, मध्येच दोन-तीन सेकंद जीव खाऊन पळतो, गपकन थांबतो, वळतो, उडी मारतो आणि परत चालायला लागतो. दहा राउंडांत यातलं काहीच होत नाही. एकाच वेगाने एकाच दिशेला पळणारं मूल तसंच पळायला शिकतं.

इथे कोणीतरी धावपटू कविता राऊत यांचं नाव काढतंच. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची मुलगी पळत पळत २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेपर्यंत पोचली, १०,००० मीटरमध्ये ब्राँझ घेऊन आली, मग आमच्या पोरांनी का पळू नये? नाशिककराला त्यांचा अभिमान असणारच, आम्हालाही आहे. पण तो लांब पल्ल्याचा खेळ, त्याची तालीम वेगळी. सतारीचा रियाज करून तबला येत नाही.

दम वाढवायला आम्ही चेंडूच वापरतो. २५ बाय २० मीटरचा चौकोन आखायचा, तीन विरुद्ध तीन, गोलकीपर नाही, चेंडू बाहेर गेला की लगेच दुसरा आत. ४ मिनिटं खेळ, २ मिनिटं विश्रांती, असे ४ डाव. चौथ्या डावानंतर पोरं गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत असतात आणि तरी "सर, अजून एक" म्हणतात. राउंड मारून आलेल्या मुलाने असं म्हटल्याचं आम्हाला आठवत नाही.

१४ च्या पुढच्या बॅचला दर तीन महिन्यांनी दम मोजणारी यो-यो टेस्ट असते. डेन्मार्कचे येन्स बांगस्बो यांनी ती खास अशा थांबत-थांबत पळण्याच्या खेळांसाठी बसवली. २० मीटर जायचं, वळून परत यायचं, १० सेकंद चालत दम घ्यायचा, की पुन्हा बीप. दोन बीपमधला वेळ कमी कमी होत जातो. निकाल फक्त त्या मुलाला आणि पालकांना सांगतो. भिंतीवर यादी लावत नाही. कारण पुढे येईल.

दाराच्या चौकटीवरची पेन्सिल

आमच्या सगळ्या कामात महत्त्वाचं काय, असं कोणी विचारलं तर आम्ही भिंतीवरची मोजपट्टी दाखवतो. महिन्याच्या पहिल्या बॅचला प्रत्येकाची उंची घेतो, अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून. मुलांना ती गंमत वाटते. आम्ही मात्र त्या महिन्याचा व्यायाम त्या आकड्यावरून ठरवतो.

हे शहाणपण आम्हाला चुकीतून आलं. एक तेरा वर्षांचा मुलगा उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर परत आला तेव्हा त्याची ट्रॅकपँट घोट्याच्या बरीच वर गेली होती. "वा, ताडमाड झालास की!" म्हणून आम्ही त्याचं कौतुक केलं आणि बाकीच्यांबरोबर दोरीवरच्या उड्या, अडथळ्यांवरच्या उड्या, स्प्रिंट, सगळं त्यालाही दिलं. तीन आठवड्यांनी तो मैदानातून बाहेर पडताना चवड्यांवर चालतोय, हे ताईंच्या नजरेला आलं. त्यांनी बूट काढायला लावला आणि टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून हलकेच दाबली. पोराने पाय झटकन ओढून घेतला. टाचेच्या हाडाचा वाढणारा भाग तिथे असतो, आणि पोटरीची ताणलेली शीर त्यालाच खेचत असते. या दुखण्याला सेव्हर्स म्हणतात. वाढीच्या वयात ते पुष्कळ दिसतं आणि वेळीच भार कमी केला तर बरंही होतं. टीममधून काढतील या भीतीने तो बोलला नव्हता. आणि आम्ही विचारलं नव्हतं.

मुलींची उंची साधारण १२ व्या वर्षाच्या आसपास आणि मुलांची १४ च्या आसपास सगळ्यात झपाट्याने वाढते. एरवी वर्षाला ५-६ सेंटीमीटर वाढणारं मूल त्या काळात ८-९ सेंटीमीटर, कधी त्याहूनही जास्त वाढतं. हाडं आधी लांब होतात, स्नायू मागून येतात. त्यामुळे मांडी-पोटरी ताठर होते, चेंडू पायाखालून निसटायला लागतो आणि कालपर्यंत चपळ असलेलं पोर अचानक धांदरट वाटतं. याच वयात गुडघ्याच्या वाटीखाली दुखणारा टेंगूळ येतो, त्याचं नाव ऑसगुड-श्लाटर. अशा वेळी "लक्ष नाही हल्ली तुझं" असं म्हणू नका. लक्ष असतं, पायच बदललेले असतात.

तीन महिन्यांत दोन सेंटीमीटरहून जास्त वाढ दिसली की त्या मुलाच्या उड्या आणि जोराच्या स्प्रिंट आम्ही निम्म्यावर आणतो. त्या जागी तोल सांभाळण्याचे व्यायाम आणि हळू ताकदीचं काम देतो. व्यायाम बंद करत नाही. एकाच वर्गातली, एकाच बाकावरची दोन मुलं या बाबतीत दोन वर्षं मागे-पुढे असू शकतात. भिंतीवर यादी न लावण्याचं कारण हेच. घरीही दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खूण करत चला. सुट्टीत गावी गेलेल्या मुलाची आमच्या वहीत दोन महिने नोंदच नसते.

पहिली वीस मिनिटं

सरावाला उशिरा सोडलं तर चालेल, "वॉर्मअपच तर असतो" असं बरेच जण धरून चालतात. आमच्या दृष्टीने मात्र तासातला सगळ्यात मोलाचा भाग तोच. मोठ्या मुलांसाठी आम्ही दुखापती टाळण्यासाठी बसवलेला फिफाचा 'इलेव्हन प्लस' हा वॉर्मअप वापरतो: १५ व्यायाम, सुमारे २० मिनिटं. आधी ८ मिनिटं हलकं धावणं, मग १० मिनिटं ताकद, तोल आणि उड्या, शेवटी २ मिनिटं वेगाने धावणं आणि वळणं. लहानांसाठी याचीच ७ व्यायामांची 'किड्स' आवृत्ती आहे. चार युरोपीय देशांतल्या मुलांवर तिची चाचणी झाली, २०१८ मध्ये निकाल छापून आला: नियमित करणाऱ्या संघांत दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या होत्या. महागडं यंत्र नाही, फी नाही, फक्त रोज करायचा कंटाळा नको.

यातला जमिनीवर उतरण्याचा भाग आमच्याकडे सगळ्यात जास्त चालतो. पायरीएवढ्या ठोकळ्यावरून मुलाने खाली उडी मारायची. ट्रेनर पाठ करून उभा असतो, बघत नाही, फक्त ऐकतो. 'धप्प' आवाज आला की परत वर. आवाज न करता उतरायचं तर गुडघे आपोआप वाकतात आणि चवडा आधी टेकतो. एवढं जमलं की मग समोरून बघतो: उतरताना दोन गुडघे एकमेकांकडे झुकतात का? झुकत असतील तर ते पायाच्या बोटांच्या रेषेत येईपर्यंत पुढची उडी नाही. वाढत्या वयातल्या मुलींच्या बाबतीत आम्ही जास्तच काटेकोर असतो, कारण गुडघ्याच्या आतला लिगामेंट (हाडं जोडून ठेवणारा पट्टा) तुटण्याचा धोका त्यांना मुलांपेक्षा जास्त असतो.

१४ च्या पुढे मांडीच्या मागच्या स्नायूसाठी एक व्यायाम येतो. गुडघे टेकून ताठ उभं राहायचं, जोडीदाराने मागून घोटे घट्ट धरायचे आणि पाठ न वाकवता, झाड कलतं तसं, जमेल तितकं हळू पुढे कलायचं. तोल गेला की हात टेकायचे. सुरुवातीला तीन ते पाच वेळा पुरतो. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना पोरं आमची आठवण काढतात.

जागेवर बसून पाय ताणून धरणं आम्ही खेळ संपल्यावर करतो, आधी नाही.

लंगडी विसरलात का

वेग आणि वळणांसाठी जमिनीवर अंथरायच्या शिड्या, प्लास्टिकचे शंकू, हर्डल हे सामान आमच्याकडे आहे, फोटोतही छान दिसतं. पण दहा वर्षांखालच्या मुलांसाठी विषामृत, खो-खो आणि लंगडी यांच्या तोडीचं दुसरं काही आम्हाला सापडलेलं नाही. खो-खोत बसल्या जागेवरून उठून तीन पावलांत पूर्ण वेग घ्यायचा असतो. फुटबॉलमध्ये बचाव करणाऱ्या खेळाडूला नेमकं हेच लागतं. लंगडीत एका पायावर उडी, उतरणं, तोल आणि दिशा, सगळं एकदम. दोन्ही पायांवर १५-१५ सेकंद लंगडी घालून अंतर मोजा. उजव्या-डाव्यात मोठा फरक निघाला तर आम्हाला सांगा.

मोठ्यांना १० ते २० मीटरच्या स्प्रिंट देतो, पण प्रत्येक स्प्रिंटनंतर पूर्ण विश्रांती. पालकांना इथे पोरं नुसती उभी दिसतात आणि पुन्हा कुंपणापाशी कुजबुज सुरू होते. दमलेलं मूल वेगाने पळायला शिकत नाही.

"वजनं उचलली की उंची खुंटते" हेही फार ऐकतो. नीट देखरेखीखाली, झेपेल तेवढी ताकदीची कसरत केल्याने उंची खुंटल्याचा पुरावा नाही. तरी आम्ही सुरुवात स्वतःच्या शरीराच्या वजनानेच करतो: बैठका, दंड, प्लँक. दहा नीट बैठका शंभर वेड्यावाकड्या बैठकांपेक्षा बऱ्या.

नाशिकची थंडी, ऊन आणि मुरूम

डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० च्या खाली जातो. तेव्हा सकाळच्या बॅचचा वॉर्मअप पाच-सात मिनिटं लांबतो आणि पहिल्या डावापर्यंत जॅकेट काढू देत नाही. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळच्या बॅचला साडेपाचच्या आधी मैदानात उतरवत नाही. तासाने मिळणारी कृत्रिम टर्फ दुपारी हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते, म्हणून सुट्टीत दुपारी चारचा स्लॉट स्वस्त मिळाला तरी मोहात पडू नका. दर १५-२० मिनिटांनी पाणी पिणं सक्तीचं, तहान लागो वा न लागो. तास मोठा आणि घाम फार असेल तर लिंबू-मीठ-साखरेचं पाणी उत्तम.

बुटांबद्दल: आपल्याकडची बरीच मैदानं मुरमाची, उन्हाळ्यात दगडासारखी होणारी. त्यावर लांब स्टडचे (तळाला खुंट्या असलेले) बूट टाचेला त्रासच देतात. छोट्या-छोट्या रबरी उंचवट्यांचे टर्फ शूज घ्या. आणि पुढच्या वर्षीही व्हावेत म्हणून दोन नंबर मोठा बूट, हा हिशेब गणवेशाला ठीक आहे, बुटाला नाही. अंगठ्यापुढे बोटभर जागा पुरे.

मिसळ, क्लास आणि झोप

रविवारी सकाळी सामना असेल तर मिसळ सामन्यानंतर. सामन्याच्या दोन-तीन तास आधी पोहे, उपमा किंवा पोळी-भाजी, आणि अर्धा तास आधी एखादं केळं. रोजच्या जेवणात डाळ, दूध, अंडी, शेंगदाणे, नाचणी असेल तर प्रोटीन पावडरचा डबा आणू नका. आम्ही विकतही नाही.

झोपेवर मात्र आमचं आणि क्लासवाल्यांचं जमत नाही. ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास आणि १३ ते १८ च्या मुलाला ८ ते १० तास झोप लागते. रात्री साडेनऊला क्लासमधून आलेलं आणि पहाटे पाचला मैदानावर आलेलं मूल आम्ही परत पाठवलेलं आहे, आणि वडील रागावलेलेही आहेत.

आठवड्याच्या तासांसाठी एक साधा हिशेब पाळा: मुलाचं वय जितकं, तितक्या तासांच्या वर ठरवून होणारा खेळ नको. यात शाळेचा सराव, अकादमी, आम्ही, सगळं धरायचं. आठवड्यात निदान एक दिवस पूर्ण सुट्टी. शालेय स्पर्धांच्या दिवसांत तर आम्हीच बॅच हलकी करतो.

लंगडत असेल, एकाच जागी सतत दुखत असेल किंवा रात्री दुखण्याने जाग येत असेल तर आधी डॉक्टर, मग आम्ही. डोक्याला मार बसून गरगरलं, मळमळलं किंवा मूल गोंधळल्यासारखं बोलायला लागलं तर त्या दिवशीचा खेळ तिथेच संपला, सामना कोणताही असो. तडक डॉक्टरकडे न्या. १० वर्षांपर्यंतच्या मुलांना आम्ही हेडिंग, म्हणजे डोक्याने चेंडू मारणं, करू देत नाही. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने २०१५ मध्येच त्या वयासाठी ते बंद केलं आहे.

शुल्क तीन महिन्यांचं एकदम घेतो. परीक्षेचा किंवा दुखापतीचा महिना पुढे धरून देतो. पहिल्या दिवशी पाण्याची बाटली, टॉवेल आणि मुलाचे सध्या वापरात असलेले बूट आणा, नवे नकोत. जुन्या बुटाचा तळ कुठे झिजला आहे, ते ताईंना आधी बघायचं असतं.