डिझायनर रंग भरतो, प्रोग्रामर साइट चालवतो?

जळगाव-धुळ्याकडे वेबसाइटचं काम देताना एक समज हमखास ऐकू येतो: डिझायनरने चित्र काढून द्यायचं, प्रोग्रामरने ते जसंच्या तसं उतरवायचं. ही वाटणी कामात टिकत नाही.

समज जुना आहे. १९९६ साली सीएसएसचं, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेचं, पहिलं मानक आलं. पानाचा मजकूर एचटीएमएल या भाषेत, रूप सीएसएसमध्ये. वेगळ्या झाल्या त्या फायली. माणसंही वेगळी बसवा, असं त्यात नव्हतं.

रावेरच्या केळी व्यापाऱ्याची रोजचे भाव दाखवणारी साइट घ्या. आज भावच आला नाही तर पानावर काय दिसेल? बहुतेक चित्रांत हे नसतंच, कारण चित्रात भाव नेहमी आलेला असतो! कालचा भाव तारखेसह दाखवायचा की जागा रिकामी ठेवायची, हा प्रश्न डिझाइनचा. पण भाव कधी उशिरा, कधी दोनदा येतो, हे ठाऊक प्रोग्रामरला. दोघं एकत्र बसल्याशिवाय हे सुटत नाही. तसंच फोटोचं. रुंद फोटो मागतो डिझायनर, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी अडखळत्या नेटवर भोगतो शेतकरी.

अक्षरं आणि पार्श्वभूमी यांचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, साध्या मजकुरासाठी किमान ४.५:१ हवा, असं डब्ल्यूसीएजी, म्हणजे वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीची मार्गदर्शक तत्त्वं, सांगतात. रंग डिझायनरने निवडावा, पण आकडा कमी भरला तर प्रोग्रामरने अडवावं. मे महिन्याच्या उन्हात मोबाइल बघणाऱ्याला फिकट राखाडी अक्षरं दिसत नाहीत.

लोगो आणि सर्व्हर यांची वाटणी मात्र सरळ आहे. बाकी काम देताना चुकीचा नंबर टाकल्यावरचा संदेश, भाव नसलेलं पान कोण ठरवणार, हे आधीच लिहून घ्या.