‘मोबी डिक’ छोट्या पडद्यावर: मोजपट्टी कोणती?

मार्च १९९८मध्ये अमेरिकेतल्या एका केबल वाहिनीने हर्मन मेल्व्हिलच्या कादंबरीवरची ‘मोबी डिक’ दोन भागांत दाखवली. एका देवमाशामागे सूडाने लागलेल्या कॅप्टन एहॅबची ही गोष्ट. सुमारे तीन तासांचं हे रूपांतर ऑस्ट्रेलियात चित्रित झालं होतं. त्याची चर्चा निघाली की आधी आठवतो तो १९५६चा चित्रपट. निर्मात्यांनी त्याला निमित्तही दिलं होतं. १९५६मध्ये कॅप्टन एहॅब झालेला नट इथे, वयाची ऐंशी ओलांडल्यावर, प्रवचन देणारा फादर मॅपल झाला आणि त्या छोट्या भूमिकेसाठी त्याला मोठा पुरस्कारही विभागून मिळाला. जुना एहॅब समोर दिसत असताना नव्या एहॅबला त्याच्या पंक्तीला बसवून पाहिलं जाणं ओघानेच आलं. पण ही तुलना न्याय्य आहे का, हे ठरवायचं तर १९५६मध्ये मुळात काय बदललं गेलं होतं ते पाहावं लागतं.

कादंबरी १८५१ची. लंडनमध्ये आधी निघालेल्या तीन खंडी आवृत्तीतून शेवटचा उपसंहारच गळाला होता. जहाजावरचे सगळे बुडाले, तर गोष्ट सांगायला हा इश्माएल, म्हणजे निवेदक खलाशी, उरला कसा, असं तिथल्या परीक्षणकर्त्यांनी विचारलं. त्यांच्या हातातल्या पुस्तकात उत्तर नव्हतंच. पुढे १९२६ आणि १९३०च्या चित्रपटांनी तर एहॅबला प्रेयसी दिली, त्याच्या हातून देवमासा मारवला आणि त्याला सुखरूप घरी आणलं. त्या मानाने १९५६चा चित्रपट फारच प्रामाणिक ठरला, आणि म्हणूनच त्यातला एक मोठा फेरफार बहुतेकांच्या नजरेतून सुटला.

मूळ कादंबरीत एहॅबने स्वतःच्या होडीसाठी गुपचूप आणलेला एक हार्पूनवाला, म्हणजे देवमाशावर दोर बांधलेला भाला फेकणारा, आहे: फेडल्ला. लेखक त्याला ‘पारशी’ म्हणतो. तो एहॅबचं भविष्य सांगतो. तू मरण्याआधी समुद्रावर दोन शववाहिका पाहशील. एक माणसाच्या हातची नसेल, दुसरीचं लाकूड अमेरिकेत वाढलेलं असेल. मी तुझ्या आधी जाईन. तुला मारील तो फक्त तागाचा दोर. एहॅबला वाटतं, दोर म्हणजे फाशी. मग समुद्रावर आपल्याला मरणच नाही. पाठलागाच्या दुसऱ्या दिवशी फेडल्ला नाहीसा होतो आणि तिसऱ्या दिवशी दिसतो तो देवमाशाच्या अंगाला दोरांनी जखडलेला. ही पहिली शववाहिका. दुसरी म्हणजे खुद्द एहॅबचं पिक्वोड जहाज. एहॅब हार्पून फेकतो, सुटणाऱ्या दोराचा फास त्याच्या गळ्याभोवती बसतो आणि तो होडीतून खेचला जातो. आवाजही फुटत नाही. कप्तान गेला हे होडीतल्या माणसांना कळायलाही क्षणभर लागतो.

१९५६च्या चित्रपटाच्या पटकथेतून फेडल्ला संपूर्ण गेला आणि त्याचं मरण एहॅबला मिळालं. भविष्यवाणी गेली बंदरावर भेटणाऱ्या एलायजा नावाच्या माणसाकडे, तीही नव्या शब्दांत: एहॅब थडग्यात जाईल, तासाभरात पुन्हा उठेल आणि खुणावेल. देवमाशाला बांधलेल्या एहॅबचा हात लाटांबरोबर हलतो, जणू तो मागे या म्हणतो आहे. ते पाहून, आजवर त्याला विरोध करणारा जहाजावरचा अधिकारी स्टारबकच माणसांना देवमाशावर घालतो. कादंबरीत त्या वेळी स्टारबक होडीत नसतोच, जहाजावर असतो.

दृश्य जबरदस्त आहे, हे मान्यच. पण त्याने अर्थ उलटा होतो. कादंबरीतला एहॅब एका फासात पुसला जातो, पडद्यावरचा एहॅब मेल्यावरही हुकूम सोडत राहतो. माझ्या मते कादंबरीचा शेवट जास्त भयंकर आहे. तरीही पडद्यावरचा तो हात इतका ठसला की पुस्तक न वाचलेल्यांना तोच मूळ शेवट वाटतो, आणि नंतरच्या प्रत्येक रूपांतराला त्याच्याशी ताडून पाहिलं जातं.

फेडल्लाला काढण्यामागे पटकथेची सोय होती. मात्र आपल्याकडच्या वाचकाला आणखी एक गोष्ट खटकेल. कादंबरीतला हा पारशी ऐकीव गोष्टींवर रचलेला आहे. डोक्याभोवती स्वतःच्याच पांढऱ्या केसांचं पागोटं, अंगात काळं चिनी जाकीट. खलाशी त्याला सैतान समजतात. खरे पारशी त्या काळी मुंबईच्या गोदीत सागवानी जहाजं बांधत होते. १८१७ साली तिथे बांधलेली ‘ट्रिंकोमली’ इंग्लंडमधल्या हार्टलपूलला आजही पाण्यावर आहे. तेव्हा हे पात्र जसंच्या तसं पडद्यावर आणा, असा आग्रह मी धरणार नाही. पण त्याला वगळलं की दोराच्या भविष्यवाणीचं काय करायचं, हा प्रश्न प्रत्येक पटकथाकाराला नव्याने सोडवावा लागतो. त्याचं उत्तर १९५६मधून उसनं घेणं सोपं, म्हणूनच धोक्याचं.

आता १९९८कडे. एहॅबचं वय कादंबरीतच कळतं: अठराव्या वर्षी पहिला देवमासा मारला, त्याला चाळीस वर्षं झाली. म्हणजे अठ्ठावन्न. १९५६च्या चित्रपटाचं चित्रीकरण १९५४च्या सुमारास झालं तेव्हा त्यातला एहॅब चाळिशीच्या आत होता, आणि ही भूमिका आपल्याला मानवली नाही असं त्याला स्वतःलाही वाटत असे. १९९८चा एहॅब सत्तावन्नच्या घरातला. चाळीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस म्हणून तो चटकन पटतो. शिवाय चित्रपटाला दोन तासही मिळाले नव्हते. १३५ प्रकरणांच्या पुस्तकाला एक तास जास्त मिळणं ही मोठीच गोष्ट.

२०११मध्ये आणखी एक दोन भागांचं रूपांतर आलं. पुस्तकात नुसता उल्लेख असलेली एहॅबची बायको त्यात प्रत्यक्ष पात्र झाली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या मुख्य टीव्ही पुरस्कारांनी, म्हणजे एमींनी, मिनी-सिरीज (मोजक्या भागांची मालिका) आणि टीव्ही-चित्रपट हे दोन विभाग एकत्र केले. २०१४मध्ये ते पुन्हा वेगळे झाले. १९९८मध्ये ते वेगळेच होते, आणि त्या वर्षीच्या ‘मोबी डिक’ला याच पुरस्कारांत नामांकन होतं ते मिनी-सिरीजचं. म्हणजे त्या वर्षी तिची स्पर्धा इतर मिनी-सिरीजशी होती, बेचाळीस वर्षांपूर्वीच्या चित्रपटाशी नव्हती.