कारभार तुमचा, खुर्ची मात्र नाही : मेरी वेल्स यांच्या कारकिर्दीची पार्श्वभूमी

गावाच्या नावाशेजारी लाल बदाम लावलेले सेल्फी पॉइंट आता आपल्याकडे चौकाचौकांत दिसतात. नगरपालिकेने हौसेने उभारलेले, रात्री दिव्यांनी उजळणारे, बहुतेक ठिकाणी एखादं अक्षर विझलेलं. त्या बदामाचं मूळ १९७७ सालच्या ‘आय लव्ह न्यू यॉर्क’ या चिन्हात आहे, ज्यात ‘लव्ह’च्या जागी लाल बदाम होता. चिन्ह काढलं ग्राफिक डिझायनर मिल्टन ग्लेझर यांनी, टॅक्सीत बसल्या बसल्या, पत्राच्या पाकिटाच्या मागच्या बाजूवर. पण ते ज्या मोहिमेसाठी काढलं ती मोहीम ‘वेल्स, रिच, ग्रीन’ या जाहिरात संस्थेची होती. त्या तीन नावांतलं पहिलं नाव मेरी वेल्स यांचं. ते नाव पाटीवर कसं आलं, त्याची ही गोष्ट.

ओहायोतलं यंग्सटाउन हे पोलादाच्या कारखान्यांचं गाव. तिथे २५ मे १९२८ रोजी मेरी बर्ग, म्हणजे पुढच्या मेरी वेल्स, यांचा जन्म झाला. वडील फर्निचर विकायचे. आईने मुलीला लहानपणीच भाषण आणि अभिनयाच्या शिकवणीला घातलं. पुढे न्यू यॉर्कला त्या नाटकाचं रीतसर शिक्षणही घेऊन आल्या. नटी काही झाल्या नाहीत, पण रंगमंच डोक्यातून गेला नाही. त्यांच्या जाहिराती पाहताना हे लक्षात ठेवावं लागतं. मालाचे गुण सांगण्याऐवजी आधी पडदा उघडायचा आणि प्रेक्षकाला खुर्चीत बसवायचं, ही त्यांची रीत होती.

सुरुवात १९५१ मध्ये, गावातल्याच मॅकेल्वीज या मोठ्या दुकानाच्या जाहिरातींचा मजकूर लिहिण्यापासून झाली. त्या काळी बायकांना या धंद्यात शिरायची वाट तीच होती : दुकानं, कपडे, सौंदर्यप्रसाधनं. तिथून न्यू यॉर्कचं मेसीज हे दुकान, मग मॅककॅन-एरिक्सन ही जाहिरात संस्था, आणि १९५७ मध्ये डॉइल डेन बर्नबॅक. या संस्थेने फोक्सवॅगनची छोटी गाडी ‘छोटी’ म्हणूनच विकून दाखवली आणि अमेरिकी जाहिरातीचा सूरच बदलला. वेल्स तिथे सात वर्षं होत्या.

१९६४ मध्ये त्या जॅक टिंकर अँड पार्टनर्समध्ये गेल्या. इंटरपब्लिक या बड्या समूहाने निवडक डोकी एकत्र बसवून काढलेली ही छोटी संस्था. रिचर्ड रिच आणि स्ट्युअर्ट ग्रीन हे इथले त्यांचे सहकारी. अल्का-सेल्त्झर ही आपल्या ईनोसारखी फसफसणारी, पोटासाठीची गोळी. तिची जाहिरात तोवर आजारपणाची असायची. टिंकरच्या जाहिरातीत नुसती पोटं होती. चालणारी, हलणारी, सुटलेली, सपाट, माणसांचे चेहरे नाहीतच. शिवाय पडद्यावर पेल्यात एकाऐवजी दोन गोळ्या पडू लागल्या. खप वाढवायची याहून साधी युक्ती सापडणं कठीण.

मग ब्रॅनिफ आली. टेक्सासमधली विमान कंपनी, हार्डिंग लॉरेन्स तिचे नवे अध्यक्ष. विमानं तेव्हा सगळीकडे सारखीच, पांढरी-चंदेरी. वेल्स यांनी ती रंगवायला लावली : नारिंगी, लिंबी, निळी, एकेक विमान एका रंगात. रंग आणि आतली सजावट अलेक्झांडर जिरार्ड यांची, हवाई सुंदऱ्यांचे पोशाख इटलीच्या एमिलिओ पुच्ची यांचे. त्यात पावसात केस भिजू नयेत म्हणून डोक्यावर चढवायचा पारदर्शक घुमटही होता. १९६५ च्या या मोहिमेचा आशय एवढाच, की साध्यासुध्या विमानांचे दिवस संपले. उडणं तेच, वेळ तेवढाच, तिकिटाचे पैसेही फारसे वेगळे नाहीत. पण लोकांना ब्रॅनिफचं विमान धावपट्टीवर लांबूनच ओळखू येऊ लागलं. एका जाहिरातीत मात्र हवाई सुंदरी प्रवासात एकावर एक घातलेले कपडे उतरवत जाते. ही कल्पना बाईच्या हाताखाली तयार झाली, म्हणून ती कमी खटकत नाही.

एवढं यश मिळाल्यावर वेल्स यांनी टिंकरचं अध्यक्षपद मागितलं. त्यांच्या सांगण्याप्रमाणे त्याचं आश्वासनही आधी मिळालेलं होतं. इंटरपब्लिकचे प्रमुख मॅरियन हार्पर यांचं उत्तर असं होतं : अधिकार सगळे तुमचे, पैसेही भरपूर, पण पद देता येणार नाही, बाई अध्यक्ष म्हणून जगाला अजून चालणार नाही. आपल्याकडे सरपंच बाई आणि कारभार पाहणारा ‘सरपंचपती’ हा प्रकार ठाऊक आहे. इथे नेमकं उलटं होतं. कारभार बाईने करायचा, खुर्चीवर दुसरं कुणीतरी.

त्या बाहेर पडल्या. एप्रिल १९६६ मध्ये मॅनहॅटनमधल्या गोथम हॉटेलच्या खोल्यांत रिच आणि ग्रीन यांच्यासोबत नवी संस्था उघडली. अध्यक्ष मेरी वेल्स. पहिलं गिऱ्हाईक ब्रॅनिफ. पाठोपाठ फिलिप मॉरिस कंपनीच्या बेन्सन अँड हेजेस या लांब सिगारेटी आल्या. त्यांच्या जाहिरातीत लांबीचे तोटेच दाखवले : सिगारेट लिफ्टच्या दारात सापडते, शेजाऱ्याच्या दाढीला लागते. जाहिरात अफलातून, माल विषारी. या दोन्ही गोष्टी एकाच कपाटात ठेवाव्या लागतात.

१९६७ च्या अखेरीस त्यांनी ब्रॅनिफच्या हार्डिंग लॉरेन्स यांच्याशी लग्न केलं. नवऱ्याच्याच कंपनीचं काम सांभाळणं बरं दिसेना, तेव्हा ब्रॅनिफ सोडून टीडब्ल्यूए ही दुसरी विमान कंपनी धरली. १९६८ मध्ये संस्थेचे शेअर लोकांना विकायला काढले. न्यू यॉर्क शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या पहिल्या स्त्री प्रमुख अशी त्यांची ओळख त्यानंतरची. १९७४ मध्ये शेअर परत विकत घेऊन संस्था पुन्हा खाजगी केली. त्या व्यवहारात भागधारकांच्या हाती सुरुवातीच्या किमतीपेक्षा बरंच कमी पडलं, आणि त्यावर टीकाही झाली. ‘पहिल्या स्त्री’च्या गौरवलेखांतून हा भाग बहुधा गळतो.

स्त्री चळवळीशी त्यांचं जमलं नाही. वरच्या पुरुषांचा कल सांभाळत त्या वर गेल्या, अशा अर्थाची बोचरी टीका स्त्रीवादी लेखिका ग्लोरिया स्टायनम यांनी केली होती. मला ती अर्धीच पटते. वेल्स यांनी इतर बायकांसाठी झेंडा धरला नाही हे खरं. पण वरच्यांची मर्जीच सांभाळायची असती, तर हार्पर यांची भरपगारी, बिनपदाची नोकरी वाईट नव्हती.

सत्तरच्या दशकात न्यू यॉर्क शहर जवळपास बुडालं होतं. १९७५ मध्ये दिवाळखोरी अगदी थोडक्यात टळली. गुन्हे, कचरा, बंद पडणारे कारखाने. राज्याच्या व्यापार खात्याला पर्यटक हवे होते आणि काम वेल्स, रिच, ग्रीनकडे आलं. ‘आय लव्ह न्यू यॉर्क’ हे शब्द संस्थेतल्या चार्ली मॉस यांचे मानले जातात, गाणं स्टीव्ह कारमेन यांचं. टीव्हीवरच्या जाहिरातीत पुढे काय आणलं? ब्रॉडवे, म्हणजे शहरातली नाट्यगृहांची दुनिया. चालू नाटकांतले नट आपापल्या वेषात उभे राहून शहरावरचं प्रेम सांगतात, आणि शेवटी ड्रॅक्युलाच्या झग्यात फ्रँक लँगेला म्हणतो, विशेषतः संध्याकाळी! यंग्सटाउनहून नाटक शिकायला आलेली मुलगी त्या जाहिरातीत मला स्पष्ट दिसते. ग्लेझर यांनी बदामाचे पैसे घेतले नाहीत, आणि ते पाकीट आता न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे.

१९९० मध्ये वेल्स यांनी संस्था बीडीडीपी या फ्रेंच कंपनीला विकली आणि बाजूला झाल्या. नव्या मालकांच्या हाती मोठी गिऱ्हाइकं एकेक करून निघून गेली, आणि १९९८ मध्ये पाटी उतरली. त्यानंतरच्या वर्षी जाहिरात व्यवसायाच्या मानवंदनेच्या यादीत त्यांचं नाव गेलं. ११ मे २०२४ रोजी, पंचाण्णव वर्षांच्या असताना, लंडनमध्ये त्यांचं निधन झालं.