पार्श्वभूमी : '40 हर्ट्झचा हॉर्न' म्हणजे नेमका कुठला?

घरच्या बास हॉर्नचा (स्पीकरपुढे रुंदावत जाणाऱ्या, खालचे सूर मोठे करणाऱ्या भोंग्याचा) विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : किती हर्ट्झचा? उत्तर येतं 40 किंवा 50, एखादा छाती पुढे काढून 30 सांगतो. या एका आकड्यावरून हौशी मंडळी जेवढी भांडली आहेत तेवढी ड्रायव्हरच्या (आवाज काढणाऱ्या स्पीकरच्या) निवडीवरूनही भांडली नसतील. खोड आकड्यात नाही, 'कटऑफ' या शब्दात आहे : ज्या वारंवारतेखाली हॉर्न काम करेनासा होतो, ती मर्यादा. तिचे अर्थ तीन निघतात.

हॉर्नमधून ध्वनी कसा जातो याचं मूळ समीकरण 1919 सालचं. 1920च्या दशकात बोलपट आले तेव्हा अँप्लिफायरकडे मोजकेच वॅट होते, आणि साधी पेटी विजेतला जेमतेम एक टक्का आवाजात उतरवत असे. त्यामुळे थिएटरांत पडद्यामागे खोलीएवढे हॉर्न उभे राहिले. तिथे जागेची अडचण नव्हती. अडचण सुरू झाली ती हॉर्न घरात आणायचं ठरल्यावर.

हॉर्नच्या फैलावावरून, म्हणजे तो किती झपाट्याने रुंदावतो त्यावरून निघणारा कटऑफ हा पहिला अर्थ. 40 हर्ट्झच्या एक्स्पोनेन्शियल हॉर्नमध्ये दर 47 सेंटिमीटरला छेदाचं क्षेत्रफळ दुप्पट व्हायला हवं. अनंत लांबीच्या अशा हॉर्नमध्ये बरोबर 40 हर्ट्झला कोनवर, म्हणजे ड्रायव्हरच्या हलणाऱ्या पडद्यावर, हवेचा उपयोगी भार (ज्यातून आवाज बनतो तो) शून्य असतो, 48ला तो पूर्ण भाराच्या 55 टक्क्यांवर येतो आणि 80ला 87 टक्क्यांवर. म्हणजे '40चा हॉर्न' 40ला काहीच देत नाही! नवख्याला हे सांगितलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. म्हणूनच जुन्या जाणत्यांचा रिवाज असा, की 48 हवे असतील तर फैलाव 40चा धरायचा. 1946 साली हायपरबोलिक घराण्यातले फैलाव मांडले गेले, त्यांच्यात कटऑफच्या लगतचा भार जास्त मिळतो. पण हॉर्न घशाशी (ड्रायव्हरजवळच्या अरुंद टोकाशी) बरंच अंतर अरुंद राहतो, तिथे हवेचा दाब वाढतो आणि विकृतीही वाढते.

दुसरा अर्थ तोंडावरून, म्हणजे हॉर्नच्या रुंद टोकावरून. मोकळ्या जागेत 40 हर्ट्झसाठी तोंडाचा परीघ एका तरंगलांबीएवढा, म्हणजे 8.6 मीटर लागतो. क्षेत्रफळ होतं जवळपास 5.9 चौरस मीटर, भिंतच म्हणा ना. तोंड याहून लहान ठेवलं तर ध्वनी तिथून मागे परततो आणि प्रतिसादात डोंगरदऱ्या उठतात. तिसरा अर्थ सगळ्यात व्यवहारी : खोलीत माइक ठेवून मोजल्यावर आवाज जिथून घसरायला लागतो ती वारंवारता. एकाच पेटीचे हे तीन आकडे तीन ठिकाणी पडू शकतात, आणि जाहिरातीत कुठला छापायचा ते विकणारा ठरवतो.

घरगुती हॉर्नच्या इतिहासातला सगळ्यात वादग्रस्त निर्णय या दुसऱ्या अर्थाशी जोडलेला आहे. कोपऱ्यात ठेवायचे हॉर्न 1930च्या दशकात ब्रिटनमध्ये होते, पण कोपऱ्यालाच हॉर्नचा शेवटचा भाग मानून, घड्या घातलेला आटोपशीर बास हॉर्न 1940च्या दशकात अमेरिकेत रूढ झाला. दोन भिंती आणि जमीन आरशासारख्या काम करतात, म्हणून तोंड एक अष्टमांश पुरतं : 5.9 चौरस मीटरचे 0.74. घसा 500 चौरस सेंटिमीटरचा धरला तर लांबी सव्वातीन मीटरवरून 1.8 मीटरवर येते. कोनमागे बंद कप्पा ठेवून घशातल्या हवेचं जडत्व त्याच्या लवचीकतेने तोलायची युक्तीही याच आराखड्यातली.

टीकाकारांचं म्हणणं, भिंती अनंत आणि ताठ असतील तरच हे गणित खरं. कोपऱ्यापासून दोन मीटरवर दार उघडं असलं किंवा भिंत पोकळ फळ्यांची असली की हिशेब ढासळतो. समर्थक म्हणतात, 8.6 मीटरची लाट जिथे मावतच नाही त्या खोलीला मोकळ्या जागेचा नियम लावायचाच कशाला? मला समर्थकांचं जास्त पटतं. मात्र त्यांनीही मग '40 हर्ट्झ' हा आकडा आपल्या नव्हे, खोलीच्या नावावर लिहायला हवा.

1950च्या दशकात लहान बंद पेट्या आल्या, 1958च्या सुमारास स्टिरिओ तबकड्या आल्या. आता एकाऐवजी दोन रिकामे कोपरे हवे झाले. वॅट स्वस्त झाल्यावर तर हॉर्न अडगळच ठरला.

पुनरुज्जीवन हौशींनी केलं, आणि माझ्या मते खरा इतिहास इथूनच सुरू होतो. 1974 साली एका ब्रिटिश मासिकातल्या तीन भागांच्या लेखमालेने घरी बांधणाऱ्यांच्या हातात कोष्टकं दिली. 1977च्या एका शोधनिबंधाने ड्रायव्हरच्या मापांवरून घशाचं क्षेत्रफळ काढायचं सूत्र दिलं. वरची मर्यादाही सांगितली : साधारणपणे ड्रायव्हरच्या रेझोनन्सची (त्याच्या नैसर्गिक कंपनाच्या वारंवारतेची) दुप्पट भागिले एकूण क्यू (ते कंपन किती लवकर विरतं याचा आकडा). 30 हर्ट्झ आणि 0.25 क्यूचा ड्रायव्हर 240पर्यंत नीट चालतो. तोवर दणकट चुंबकाचा ड्रायव्हर मिळेल तो लावायचा, एवढंच शास्त्र अनेकांना ठाऊक होतं.

कागद मात्र वाकतो, प्लायवूड वाकत नाही. वक्राचे सरळ तुकडे पाडावे लागतात. घडीच्या वळणावर आतली वाट आखूड आणि बाहेरची लांब होते, मग नकाशावर मधल्या रेषेवरून दोरा फिरवून लांबी मोजायची. मागच्या कप्प्याला केसाएवढी फट राहिली तरी दणक्याला तिथून फुसफुस येते, आणि ती फट नेमकी सगळ्यात आतल्या, हात न पोचणाऱ्या सांध्यात असते.

गेल्या 20-25 वर्षांत संगणकावर हॉर्नचं नक्कल-मोजमाप फुकट झालं. त्याच काळात टॅप्ड हॉर्न लोकप्रिय झाला : कोनच्या दोन्ही बाजू एकाच मार्गात दोन ठिकाणी उघडतात. याला हॉर्न म्हणावं की अनुनादी नळी, यावर अजून खल चालू आहे. मी नळी म्हणतो. तिकडे संगणकात हॉर्न तुकड्यातुकड्यांनी भरावा लागतो आणि प्रत्येक तुकड्याच्या फैलावाचा कटऑफ वेगळा दिसतो. तीन तुकड्यांच्या हॉर्नला तीन कटऑफ, आणि बांधणारा पेटीच्या पाठीवर त्यातला एक लिहितो : 40.