एक मिलिसिव्हर्टची गोष्ट

सर्वसामान्य माणसासाठी किरणोत्सर्गाची मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाच्या मात्रेचं माप). हे वाचून वाटतं, ०.९ पर्यंत निर्धास्त राहावं आणि १.१ झालं की घाबरावं. पण जमीन, अवकाश, अन्न आणि घरातल्या हवेतला रेडॉन वायू यांच्याकडून माणशी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट दरवर्षी मिळतातच. पोटाच्या एका सीटी स्कॅनमध्ये १० च्या आसपास मिळतात. मर्यादेत हे दोन्ही धरलेलंच नाही. ती आहे दुसऱ्या कुणाच्या उद्योगापायी आपल्या वाट्याला येणाऱ्या जादा मात्रेसाठी.

मग १ च का? पूर्वी ती ५ होती, १९८५ मध्ये १ वर आली. आधार मुख्यतः हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या अभ्यासाचा. साधारण १०० मिलिसिव्हर्टच्या वर मात्रेबरोबर कर्करोग वाढताना स्पष्ट दिसतो. त्याखालचं एरवीच्या कर्करोगांच्या गर्दीत हरवतं. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने १०० च्या वर दिसणारी मात्रा आणि धोका यांच्या आलेखाची रेषा सरळ शून्यापर्यंत ओढली: मात्रा कमी तसा धोका कमी, पण शून्य कधीच नाही. त्या हिशेबाने १ मिलिसिव्हर्टमागे साधारण २०,००० जणांत एकाला जीवघेणा कर्करोग.

भांडण आहे ते या सरळ रेषेवर. २००५ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीने ती धोका फुगवते असं म्हटलं. त्याच सुमारास अमेरिकी विज्ञान अकादमीच्या समितीने तीच उचलून धरली. केरळात करुनागपल्लीच्या मुळातच किरणोत्सर्गी असलेल्या मोनाझाइट वाळूवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या सुमारे ७०,००० लोकांमध्ये कर्करोग वाढलेला आढळला नाही. उलट फ्रान्स, ब्रिटन, अमेरिकेतल्या तीन लाखांहून अधिक अणुकामगारांच्या अभ्यासात कमी मात्रेलाही धोका वाढताना दिसला. माझ्या मते नियम बांधायला ही रेषा ठीक आहे. मृत्यू मोजायला मात्र नाही. चिमूटभर मात्रेला कोट्यवधी लोकांनी गुणून बळींचा आकडा काढू नका, असं खुद्द आयोगच सांगतो.

हा घोळ २०११ मध्ये जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुभट्टी अपघातानंतर उघड्यावर आला. अपघातानंतर १ ते २० मिलिसिव्हर्टच्या पट्ट्यात राहून मात्रा हळूहळू खाली आणावी, असं आयोगाचं धोरण. सरकारने शाळांसाठी वरचं टोक, २० पकडलं. कालपर्यंत १, आज २० कसे, हा पालकांचा प्रश्न साधा होता. पण १ म्हणजे सुरक्षिततेची सीमा अशीच समजूत झालेली असल्यावर उत्तर देणार तरी काय? सरकारचे सल्लागार तोशिसो कोसाको यांनी एप्रिलअखेर साश्रुनयनांनी राजीनामा दिला. मेमध्ये शाळांसाठी १ चं उद्दिष्ट जाहीर झालं, आणि मैदानांवरची माती खरवडायला सरकारने पैसे देऊ केले.